उसाचा हंगाम सुरू होण्याआधी: सायकलसाठी घरातला ट्रेनर निवडताना

दिवाळी झाली की आमच्या बेळगाव भागात पहाटेची थंडी आणि उसाचं गाळप बरोबरच सुरू होतं. थंडीचं काही नाही. इथला हिवाळा तसा सोसवणारा, कानटोपी घातली की येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत सायकल मजेत जाते. काळजी उसाची वाटते. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी, कुठल्याही रस्त्याला अंधारात लागा, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात. मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा दिवा नसतो, आणि जानेवारीत सूर्य वर यायला सात वाजतात. गेल्या हंगामात काकतीच्या पुढे माझ्या दिव्याच्या उजेडात आधी उसाची लोंबणारी पानं दिसली आणि मग ट्रॉली दिसली. हात लांब केला असता तर पानं हाताला लागली असती. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हेच ठरवण्याचं, की हंगाम संपेपर्यंत उजाडण्याआधीची सायकल घरातच चालवायची.

त्यासाठी ट्रेनर लागतो, म्हणजे सायकल जागेवरच धरून ठेवून पॅडल मारू देणारं, पायाला रोध देणारं यंत्र, आणि तो निवडताना माझी चूक झाली ती क्रमात. मी आधी ट्रेनर पाहिला, सायकल नंतर. तुम्ही उलटं करा. सायकलीच्या मागच्या चाकापाशी बैठक मारून बसा, हातात टेप आणि पाना घ्या, आणि तिथून सुरुवात करा.

पहिल्यांदा अ‍ॅक्सल बघा, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा. चाक लिव्हर उघडून निघतं का, म्हणजे क्विक रिलीज आहे का? की दोन्ही बाजूंना नट आहेत? की आरपार जाणारा जाड थ्रू अ‍ॅक्सल आहे? क्विक रिलीज असेल तर काम सोपं. ट्रेनरबरोबर एक स्टीलचा स्क्यूअर, म्हणजे लिव्हरची बारीक सळई, येतो, तोच घाला. सायकलीबरोबर आलेल्या स्क्यूअरची टोकं ट्रेनरच्या वाटीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी ती पकडणाऱ्या खोबणीत, नीट बसतीलच असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गिअरच्या सायकलींना मागे नट असतात. अशांसाठी वेगळे नट मिळतात, पण आटे जुळतात का ते दुकानात सायकल नेऊनच बघा. थ्रू अ‍ॅक्सल असेल तर त्याची जाडी आणि लांबी लिहून ठेवा, १२ बाय १४२ किंवा १२ बाय १४८ मिलिमीटर असं काहीतरी निघेल, आणि त्याच मापाचा अडॅप्टर पेटीत आहे का ते पैसे देण्याआधी विचारा.

पुढचं काम जास्त महत्त्वाचं. मागचे गिअर कॅसेट आहेत की फ्रीव्हील, ते ओळखायचं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. चाक काढा, आणि गिअरची चकती हाताने उलटी फिरवा. मध्यभागी जिथे पाना बसायच्या खाचा असतात, तिथे नजर ठेवा. खाचा गिअरबरोबर फिरल्या तर कॅसेट, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) सरकवून बसवलेला गिअरचा संच. गिअर फिरतात आणि खाचा जागच्या जागी राहतात, तर ते हबवर आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील. सात गिअरच्या सायकलींत हेच जास्त सापडतं. मला हे माहीत नव्हतं. मी वापरलेला डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घेतला, म्हणजे ज्यात मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरवरच्या कॅसेटला चढवतात. माझं फ्रीव्हील त्यावर बसणं शक्यच नव्हतं. विकणाऱ्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. शेवटी सात गिअरची वेगळी कॅसेट आणि साडेचार मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे उरलेली जागा भरणारी कडी, आणून जमवलं, पण तोपर्यंत डिसेंबर निम्मा गेला होता. तुमची सायकल बारा गिअरची असेल तर आणखी जपा. आठ ते अकरा गिअरना चालणारा नेहमीचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर सरकवतात तो भाग, बऱ्याच बारा गिअरच्या कॅसेटना चालत नाही, त्यांना मायक्रो स्प्लाइन किंवा एक्सडी जातीचा हब लागतो.

आता ट्रेनरची जात. चाक न काढता मागचा टायर रोलरवर दाबून चालवायचा तो व्हील-ऑन. त्यात मॅग्नेटिक स्वस्त, लिव्हरने जड-हलकं करायचं, आवाज जरा जास्त. फ्लुइडमध्ये तेलासारख्या द्रवाचा रोध असतो, जितकं जोरात माराल तितकं तो आपोआप जड होतो, चढावर लागल्यासारखं वाटतं, आणि आवाज कमी. सुरुवात करणाऱ्याला मी मनापासून फ्लुइड सांगेन. डायरेक्ट ड्राइव्ह सगळ्यांत शांत, टायर झिजत नाही, ताकदीचा आकडा जास्त अचूक, पण किंमत पुष्कळदा सायकलीहून जास्त आणि वजन पंधरा-वीस किलो. नुसत्या तीन रोलरवर तोल सांभाळत चालवायचा प्रकारही असतो. तो आधार न देणारा आहे, त्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात नको.

स्मार्ट ट्रेनर घ्यावा का? फोनवर झ्विफ्टसारख्या अ‍ॅपमध्ये चढ आला की पायाखाली खरंच जड होतं, त्यामुळे एकट्याला कंटाळा येत नाही. मायव्हूश हे तसलंच अ‍ॅप तर फुकट आहे. पण आपल्या भागात एक गोष्ट विसरू नका, लाइट जाते. विजेवर चालणाऱ्या स्मार्ट ट्रेनरचा रोध पुरवठा गेला की बहुतेक वेळा एकदम सुटतो. उभं राहून पॅडल मारत असाल तर पाय धाडकन खाली जातो. म्हणून इन्व्हर्टरच्या सॉकेटवरच जोडायचा. ते जमणार नसेल तर फ्लुइड घ्या, त्याला वायर नाहीच. स्मार्ट घेतलात तर ब्लूटूथ आणि एएनटी प्लस, हे बिनवायरचे जोडणीचे दोन्ही प्रकार आहेत का ते पाहा. व्हील-ऑन स्मार्ट असेल तर दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर स्पिनडाउन करा, म्हणजे वेग वाढवून पाय थांबवायचे आणि चाक थांबेपर्यंत ट्रेनरला आपलं माप जुळवू द्यायचं, थंड टायरवर आकडे खोटे येतात.

व्हील-ऑनसाठी टायर गुळगुळीत हवा. एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, खडबडीत टायर रोलरवर असा गडगडतो की खालच्या मजल्यावरचे विचारायला येतात. आमच्या वडगावात मागांचा आवाज ऐकत लहानाचे मोठे झालेले शेजारी आहेत, तरी पहाटे साडेपाचला तो आवाज त्यांना नको, आणि ते बरोबरच आहे. जुना रोडचा टायर चालतो. ट्रेनरसाठी वेगळा कडक टायरही मिळतो, तो मात्र रस्त्यावर वापरू नका, पकड कमी असते. हवा दर वेळी तेवढीच भरा. रोलर टायरला टेकला की नॉब साधारण दोन फेरे आणखी आवळा, मग चाक हाताने झटक्यात फिरवून बघा. टायर घसरला तर अजून थोडं.

डायरेक्ट ड्राइव्हवर चाक काढून सायकल चढवताना हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मध्ये प्लॅस्टिकची पट्टी घालून ठेवा. कार्बनची फ्रेम असेल तर कंपनी ट्रेनरवर लावायला परवानगी देते का, ते तिच्या माहितीपत्रकात आधी वाचा.

जागा म्हणजे सहा फूट बाय तीन फूट, आणि एका बाजूला उतरायला पाऊलभर. शहाबादी फरशी सगळीकडे सपाट नसते, ट्रेनरचे पाय वर-खाली करून डुगडुग काढा. खाली जाड रबरी मॅट. पुढच्या चाकाखाली ठोकळा, नाहीतर नाक खाली करून चालवल्यासारखं होतं आणि तळहात दुखतात.

पंखा मात्र हवाच, अगदी बाहेर चौदा अंश असले तरी. रस्त्यावर वारा घाम पुसतो, खोलीत कोण पुसणार? पहिल्या महिन्यात मी पंखा नाही, टॉवेलही नाही, असाच बसलो. फेब्रुवारीत हँडलचा स्टेम उघडला तर बोल्टच्या डोक्यात पांढरं मीठ साचलेलं आणि त्याखाली गंज. एलन की गोल गोल फिरत होती, पकडच घेईना. आता हँडलवर आणि वरच्या नळीवर पंचा पसरतो, उतरल्यावर ओल्या फडक्याने पुसतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी जवळ असू द्या.

वापरलेला घेत असाल तर फ्लायव्हील, म्हणजे ट्रेनरचं जड चाक, हाताने फिरवून कान लावा, खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलं समजा. फ्लुइडच्या डब्याखाली तेलाचा डाग शोधा. नवीन घेतलात तर पेटी आणि थर्मोकोल फेकू नका, दुरुस्तीसाठी पाठवायची वेळ आली तर त्याच पेटीतून जाईल.

हे सगळं दसऱ्यालाच सुरू करा, म्हणजे मागवायला, जुळवायला आणि एखादा नट पुन्हा आणायला वेळ राहतो. पहिल्या दिवशी वीसच मिनिटं चालवा, बसूनच. उतरल्यावर दोन्ही बाजूंच्या वाट्यांवर पाना लावून बघा, आणि सैल वाटलं तर दुसऱ्या दिवशी उभं राहायच्या आधी पुन्हा आवळा.