कॅलिफोर्नियात सेकंड हँड हायड्रोजन कार घेताय? आधी पंप बघा, मग गाडी

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या मंडळींच्या ग्रुपवर हा प्रश्न सारखा येतो, की २०२१ची टोयोटा मिराई दहा-बारा हजार डॉलरला मिळतेय, आतून एकदम लक्झरी आहे, घेऊ का? नवी असताना हीच गाडी पन्नास हजाराच्या घरात जायची, त्यामुळे मोह होणारच. खरं सांगायचं तर गाडीत खोट नाहीये, गाडी सुरेख आहे, आवाज नाही, धूर नाही, मागून फक्त पाणी पडतं. हायड्रोजन परवडत नाही आणि वेळेवर मिळत नाही, म्हणून ती स्वस्त झालीय. त्यामुळे घ्यायची की नाही हे गाडी बघून ठरवूच नका, तुमच्या घराजवळचा पंप बघून ठरवा.

आधी थोडक्यात, गाडी चालते कशी. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एकत्र येतात, त्यातून वीज तयार होते आणि त्या विजेवर मोटर फिरते. म्हणजे ही इलेक्ट्रिक कारच, फक्त वीज गाडीतच बनते. मिराईच्या टाक्यांमध्ये साधारण ५.६ किलो गॅस बसतो, कागदावर रेंज ४०२ माइल, आणि सगळं नीट चालू असेल तर पाच मिनिटांत टाकी फुल. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला, ज्याच्या पार्किंगमध्ये चार्जर लागायची शक्यताच नाही, त्याला हे ऐकून भुरळ पडते, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण ही सोय खरीच आहे.

आता पंप. घरापासून किंवा ऑफिसच्या वाटेवर किमान दोन स्टेशन हवीत आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, कारण एकाच कंपनीचा सप्लाय अडकला की तिचे सगळे पंप एकदम कोरडे पडतात. हायड्रोजन फ्युएल सेल पार्टनरशिप या संस्थेच्या ऑनलाइन नकाशावर प्रत्येक स्टेशन चालू आहे की बंद ते दिसतं. गाडीचा सौदा करायच्या आधी दोन-तीन आठवडे तो नकाशा सकाळ-संध्याकाळ उघडा आणि तुमच्या दोन पंपांची स्थिती वहीत लिहून ठेवा. आणि एकदा शनिवारी दुपारी स्वतः तिथे जाऊन उभे राहा, रांगेतल्या लोकांशी बोला, ते कुठल्याही सेल्समनपेक्षा खरं सांगतील.

एवढं का सांगतोय, तर आधी काय काय झालंय ते बघा. जून २०१९मध्ये सांता क्लारातल्या हायड्रोजन प्लांटवर स्फोट झाला आणि बे एरियाचा सप्लाय कोलमडला, लोकांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये शेलने कॅलिफोर्नियातले आपले कारसाठीचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. आणि कॅलिफोर्निया सोडलं तर बाकी अमेरिकेत कारसाठी पंप जवळपास नाहीतच, त्यामुळे या गाडीने वेगासला जायचा विचार डोक्यातून काढून टाका. सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला आय-५ हायवेने जाताना मध्ये कोअलिंगाच्या हॅरिस रँचचा पंप लागतो, सगळी ट्रिप त्याच्यावर टांगलेली असते, तो बंद असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, म्हणून निघायच्या आधी तो चेक करायचाच. घरी प्लगला लावून थोडं चार्ज करू हा पर्याय मिराईत नाही, आणि रस्त्यात टाकी संपली तर कॅन आणून ओतता येत नाही, सरळ टो ट्रक.

पुढे पैशांचा हिशोब. काही वर्षांपूर्वी किलोला १३ ते १६ डॉलर भाव होता, २०२३मध्ये बऱ्याच पंपांवर तो ३६ डॉलरपर्यंत गेला. ३६ने ५.६ किलो म्हणजे फुल टाकी २०० डॉलर! रोजच्या चालवण्यात किलोला ६५ माइल धरा, म्हणजे माइलला ५५ सेंट पडले. गॅलनला ५ डॉलरचं पेट्रोल आणि गॅलनला ३० माइलचं अ‍ॅव्हरेज असलेली साधी गाडी १७ सेंटमध्ये तेच काम करते. तुमच्या पंपावर आजचा भाव काय आहे तो टाकून हाच हिशोब परत करा.

नवी गाडी घेणाऱ्याला टोयोटा १५,००० डॉलरचं फ्युएल कार्ड, म्हणजे हायड्रोजन भरायला आधीच पैसे भरलेलं कार्ड, द्यायची, म्हणून तेव्हा लोकांना भाव टोचला नाही. सेकंड हँड घेताना ते कार्ड आपोआप तुमच्याकडे येईल असं धरून चालू नका. डीलर तोंडी हो म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका, किती डॉलर, किती वर्षं, कोणाच्या नावावर, सगळं कागदावर घ्या. कार्ड नसेल तर माझं सरळ मत, सौदा सोडा.

गाडी बघायला गेलात की फ्युएलचं झाकण उघडा. आत लेबल असतं, अमुक तारखेनंतर गॅस भरू नये असं लिहिलेलं, टाकी बनल्यापासून साधारण १५ वर्षांची ती मुदत असते. फ्युएल सेलच्या मुख्य पार्ट्सची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,००,००० माइल, त्यातली किती उरली ते मोजा. आणि हे डीलरला गाडीसोबत पंपावर घेऊन जाऊनच करा: एच७० निवडा, म्हणजे ७०० बारचं प्रेशर, एच३५वर टाकी अर्धीच भरते. नोझल लावून हँडल पूर्ण लॉक होईपर्यंत दाबा. गॅस उणे ४० अंशांपर्यंत थंड करून सोडतात, त्यामुळे दमट हवेत नोझलवर पांढरं बर्फ जमतं आणि ते गाडीला चिकटून बसतं. ओढाताण करू नका, दोन-चार मिनिटं थांबलं की सुटतं. तुमच्या आधी लागोपाठ तीन-चार गाड्या भरल्या असतील तर पंपाचं प्रेशर उतरलेलं असतं आणि तुमची टाकी अर्धी-पाऊणच भरते, तेव्हा थोडं थांबून भरा. गॅरेजमध्ये लावायच्या आधी डॅशबोर्डवरचं एच२ओचं बटण दाबून पाणी बाहेरच सोडून द्या, नाहीतर फरशी ओली होते.

काही जण म्हणतील पर्यावरणासाठी घेतोय. चांगला विचार आहे, पण हेही बघा, पाण्यापासून १ किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्यावर मिराई १०० किलोमीटरच्या थोडं पुढे जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर चांगली ईव्ही ३०० किलोमीटर जाते. शिवाय आजचा बराचसा हायड्रोजन नॅचरल गॅसपासूनच बनतो. म्हणून मला स्वतःला या तंत्राची खरी आशा कारपेक्षा बस आणि ट्रकमध्ये दिसते, जिथे गाड्या रोज रात्री एकाच डेपोत परत येतात आणि एका पंपावर सगळ्यांचं भागतं. ओकलंडमध्ये एसी ट्रान्झिट ही सार्वजनिक बससेवा कितीतरी वर्षं हायड्रोजनच्या बस चालवतेय. आपल्या पुण्यातही एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि केपीआयटी या कंपनीने २०२०मध्ये हायड्रोजन कारची चाचणी घेतली आणि २०२२मध्ये बस रस्त्यावर आणली, ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

तर घ्यायची कोणी? ज्याच्या वाटेवर दोन चालू पंप आहेत, हातात भरपूर शिल्लक असलेलं फ्युएल कार्ड आहे आणि घरात दुसरी पेट्रोलची किंवा इलेक्ट्रिक गाडी आहे, त्याने खुशाल घ्यावी. एकच गाडी असणाऱ्याने, त्यातही घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर, अजिबात घेऊ नये. आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कॅलिफोर्नियातच शोधावं लागेल, म्हणून दुसऱ्या राज्यात नोकरी बदलायचा विचार चालू असेल तर तो निर्णय आधी होऊ द्या.