दोन ताऱ्यांमधील गुरुत्वीय क्षेत्राचे गणित कसे सोडवावे

गोव्यात प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पुढचे इंग्रजीतून घेतलेल्या मुलांना अकरावीत गुरुत्वाकर्षणाचे सूत्र पाठ असते, परंतु त्यातले अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचे, याबाबत त्यांचा गोंधळ उडतो.

उदाहरणासाठी व्याध घेऊ. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास गोव्यातल्या साखळी शहरातील एखाद्या अंगणातून दक्षिणेकडे मान वर केली की दिसणारा हा सर्वांत तेजस्वी तारा प्रत्यक्षात जोडतारा आहे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा त्याचा जोडीदार जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८४४ मध्ये केवळ व्याधाच्या डोलण्यावरून ताडला होता. दुर्बिणीतून तो दिसला १८६२ मध्ये. मोठ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २ पट, लहानाचे सुमारे १ पट आणि दोघांमधील सरासरी अंतर सुमारे २० खगोलीय एकके आहे (एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी व सूर्य यांच्यातील सरासरी अंतर).

प्रथम प्रश्नात बल विचारले आहे की क्षेत्र, हे पाहावे. बल विचारले असेल तर दोन्ही वस्तुमाने आणि दोन केंद्रांमधील पूर्ण अंतर घ्यावे. येथे उत्तर सुमारे ५.९ गुणिले १० चा २५ वा घात न्यूटन येते आणि ते दोन्ही ताऱ्यांवर सारखेच असते. लहान ताऱ्यावर कमी बल लिहिणे ही चूक आहे.

क्षेत्र मात्र बिंदूचे असते; त्या बिंदूवर ठेवलेल्या एक किलो वस्तुमानावर जेवढे बल येईल, ती तिथली क्षेत्राची तीव्रता. म्हणून वहीत आडवी रेघ ओढून तिच्यावर दोन तारे आणि मधला बिंदू काढावा, मग त्या बिंदूपासून प्रत्येक ताऱ्याकडे एकेक बाण काढावा. गुरुत्व केवळ ओढते, त्यामुळे बिंदू दोन ताऱ्यांच्या मध्ये असेल तर बाण परस्परविरुद्ध येतात आणि तीव्रतांची वजाबाकी होते. बिंदू ताऱ्यांच्या पलीकडे असेल तर बाण एकाच दिशेने येतात आणि बेरीज होते. ही आकृती न काढता आकडेमोडीला लागू नये, असा माझा आग्रह आहे. अंतर प्रत्येक ताऱ्यापासून बिंदूपर्यंतचे घ्यावे, ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंतचे नव्हे. मध्यबिंदूवर, म्हणजे १० खगोलीय एककांवर, मोठ्या ताऱ्याची तीव्रता प्रतिकिलो ०.०००११९ न्यूटन आणि लहानाची तिच्या निम्मी येते. वजाबाकीनंतर उरलेले ०.००००५९ न्यूटन मोठ्याच्या दिशेने असते.

क्षेत्र शून्य होणारा बिंदू शोधताना दोन्ही तीव्रता समान मानून आधी वर्गमूळ घ्यावे, म्हणजे वर्गसमीकरण टळते. वस्तुमानांचे गुणोत्तर २, म्हणून अंतरांचे १.४१४, बिंदू मोठ्यापासून ११.७ आणि लहानापासून ८.३ एककांवर येतो. तो हलक्या ताऱ्याच्या जवळच यायला हवा. तसा आला नाही तर गुणोत्तर उलटे मांडले गेले आहे.

त्या बिंदूवर विभव, म्हणजे प्रतिकिलो स्थितिज ऊर्जा, शून्य असते, असे अनेक जण लिहितात; ते चूक आहे. विभव अदिश, म्हणजे दिशा नसलेले, असल्याने दोन्ही ताऱ्यांची ऋण मूल्ये एकमेकांत मिळतात, कटत नाहीत. शिवाय हे तारे सुमारे ५० वर्षांत परस्परांभोवती फिरतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर फिरत राहून तोल साधणारा बिंदू याहून वेगळ्या जागी असतो. अकरावीच्या गणितात मात्र तारे स्थिर धरावेत आणि तसे उत्तराच्या पहिल्या ओळीतच लिहावे.