एमईपी लहान होत नाही? टीएमएसच्या प्रयोगात या चुका टाळा

संवेदना हाताच्या हालचालीला कसा लगाम घालतात, हे तपासायची एक नेटकी पद्धत आहे. मनगटाशी मिडियन नर्व्हला (हाताकडे जाणाऱ्या एका मुख्य नसेला) विजेचा हलका झटका द्यायचा आणि साधारण २० मिलिसेकंदांनी टीएमएसच्या, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देण्याच्या तंत्राच्या, कॉइलने मोटर कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा हालचाल घडवणारा भाग, उत्तेजित करायचा. नसेतून आलेला संदेश तेव्हा मेंदूत नुकताच पोचलेला असतो, त्यामुळे हाताच्या स्नायूतला प्रतिसाद, म्हणजे एमईपी, लहान येतो. याला एसएआय (शॉर्ट-लेटन्सी ॲफरंट इनहिबिशन), म्हणजे संवेदनेमुळे लगेच येणारा अटकाव, म्हणतात. परिणाम दिसला नाही की नवखे विद्यार्थी कॉइल इकडेतिकडे सरकवत बसतात. माझं म्हणणं, आधी मनगट बघा.

सरसकट सगळ्यांना २० मिलिसेकंद लावणं ही सर्रास होणारी चूक. उंच माणसाचा हात लांब, म्हणून संदेश उशिरा पोचतो. आधी त्या व्यक्तीची एन२० लाट, म्हणजे झटक्याचा संदेश मेंदूत पोचल्यावर डोक्यावर नोंदली जाणारी विजेची लाट, नोंदवा आणि तिच्या वेळेत २ ते ४ मिलिसेकंद मिळवा. एसीच्या खोलीत हात गार पडला असेल तर नस संदेश हळू नेते. हात गरम करून मगच सुरुवात करा. झटका मनगटाऐवजी बोटाला देणार असाल तर झटका आणि कॉइल यांच्यातलं वेळेचं अंतर आणखी वाढवावं लागतं.

मनगटावर कॅथोड, म्हणजे झटका देणाऱ्या जोडीतलं ऋण टोक, कोपराच्या बाजूला हवा. घाईत तो उलटा लागतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बांगड्या आणि घड्याळ काढायला लावा, त्वचा स्पिरिटने पुसा. अंगठा जेमतेम हलेल एवढाच झटका पुरे. डोक्याला तेल असेल तर कॉइलच्या जागेची खूण टिकत नाही, म्हणून केस धुऊन यायला आदल्या दिवशीच सांगा.

खरी गफलत होते ती हालचाल सुरू असताना मोजताना. चिमटीत वस्तू धरली की स्नायू आधीच जागा असतो, पाठीच्या कण्यातले मोटर न्यूरॉन (स्नायूला आदेश देणाऱ्या पेशी) सज्ज असतात, आणि कॉइलची तीव्रता तीच ठेवूनही एमईपी कितीतरी मोठा येतो. विश्रांतीत १ मिलिव्होल्टचा एमईपी देणारी तीव्रता इथे तशीच वापरली, तर दोन स्थितींची तुलनाच बिघडते. मग ‘हालचालीत एसएआय नाहीसं झालं’ असा निष्कर्ष निघतो आणि प्रबंधातही जातो, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक स्थितीत झटक्याविना येणारा एमईपी पुन्हा १ मिलिव्होल्टच्या आसपास आणा. कॉइल चालण्याआधीच्या क्षणांतली ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेची नोंद, तपासा. विश्रांतीच्या फेरीत तिथे स्नायूची हालचाल दिसली तर ती फेरी बाद. झटक्यासह आणि झटक्याविना फेऱ्या सरमिसळ क्रमाने द्या. आधी सगळ्या एका प्रकारच्या, मग दुसऱ्या, असं केलं तर थकवा आणि पेंग आकड्यांत शिरतात.

मिरगी, डोक्यातला धातू, कॉक्लिअर इम्प्लांट यांची चौकशी बोलावतानाच करा. कानात इअरप्लग हवेतच.

औषधं विचारायला मात्र बरेच जण विसरतात. एसएआय मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनावर अवलंबून आहे. त्याचं काम अडवणारं स्कोपोलामाइन हे औषध दिल्यावर एसएआय घटतं, अल्झायमरमध्येही कमी आढळतं. सर्दीच्या काही जुन्या गोळ्याही ॲसिटिलकोलीनचं काम अडवतात. तेव्हा सकाळी कोणती गोळी घेतली, हे फॉर्मवर वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि तशी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी मोजणी करू नका.