अंतरिम आदेशावरील अपील आणि रखडलेली मूळ याचिका

कंपनी कायद्याच्या वकिलीत नव्याने येणाऱ्यांना कलम २४१ आणि २४२ (भागधारकावरील दडपशाही आणि कंपनीचे गैरव्यवस्थापन यांविरुद्धच्या याचिकेची कलमे) लवकर पाठ होतात, पण मूळ याचिका सुनावणीपर्यंत का पोहोचत नाही, हे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी, वाचू लागल्यावरच उमगते. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, मुंबई पीठापुढे काम करताना जे ध्यानात आले, ते त्यांच्यासाठी लिहीत आहे.

दडपशाही व गैरव्यवस्थापनाची तक्रार करणारा भागधारक कलम २४२(४) खाली अंतरिम आदेश मागतो: भागभांडवलाची रचना बदलू नये, कारखान्याची जमीन विकू नये, संचालकाला काढू नये. आदेश मिळो वा नाकारला जावो, नाराज पक्षाला कलम ४२१ नुसार ४५ दिवसांत अपील करता येते; पुरेसे कारण असल्यास आणखी ४५ दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो. संमतीने झालेला आदेश सोडला, तर हे कलम अंतरिम आणि अंतिम असा भेद करत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रकरणांचे अपील दिल्लीतील राष्ट्रीय कंपनी विधी अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाते आणि तेथून कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे असते. कलम ४२२ ची अपेक्षा मात्र तीन महिन्यांत निकाल लागावा अशी आहे.

केवळ अपील दाखल झाल्याने खालचे कामकाज थांबत नाही. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी आणि मिळवावी लागते. प्रत्यक्षात ‘अपील प्रलंबित आहे’ एवढ्या निवेदनावरही तारीख पडते, कारण वरचा निर्णय येण्याआधी पुढे जाण्याचा संकोच पीठाला वाटतो आणि दिवाळखोरी संहितेच्या अर्जांनी भरलेल्या यादीत तहकुबी सर्वांनाच सोयीची असते. एका कौटुंबिक कंपनीच्या वादात मी हे जवळून पाहिले. जमीनविक्रीवरील मनाईविरुद्ध अपील गेले आणि ज्या वाढीव शेअर-वाटपावर मूळ तक्रार होती, त्यावर दीर्घकाळ युक्तिवादच झाला नाही. अशा काळात कंपनीचा ताबा ज्याच्याकडे असतो त्याचे काही बिघडत नाही. लाभांश आणि माहिती दोन्ही बंद झालेला भागधारक मात्र थकून, मिळेल त्या किमतीला समझोता करतो. मला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

याचिका मुळात चालू शकते का, अशा प्राथमिक मुद्द्यावरील अपिलाचाही असाच परिणाम होतो. टाटा सन्स प्रकरणात मिस्त्री गटाच्या, म्हणजे टाटा सन्सचे हटवलेले अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या कुटुंबाच्या, भागधारक कंपन्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये याचिका केली. मार्च २०१७ मध्ये ती पात्रतेच्या, म्हणजे याचिकेसाठी लागणाऱ्या किमान भागधारणेच्या, निकषावर अमान्य झाली आणि एप्रिलमध्ये त्या निकषातून सवलतीचा अर्जही फेटाळला गेला. अपिलीय न्यायाधिकरणाने २१ सप्टेंबर २०१७ रोजी सवलत दिल्यानंतरच गुणवत्तेवरील सुनावणीचा मार्ग मोकळा झाला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल २६ मार्च २०२१ रोजी आला. पात्रतेचा प्रश्न तेथे गंभीर होता, त्यामुळे प्रत्येक अपील वेळकाढूपणाचे असते असे म्हणता येणार नाही.

म्हणून अंतरिम मागण्या मोजक्या आणि नेमक्या ठेवाव्यात. सरसकट मनाईचा आदेश अपिलाला आयता आधार देतो. आदेशात कारणे नोंदली जावीत यासाठी लेखी टिपण द्यावे, कारण सुप्रीम कोर्टाच्या वॉन्डर विरुद्ध अँटॉक्स (१९९०) या निकालानुसार विवेकाधिकार मनमानीने किंवा प्रस्थापित तत्त्वे डावलून वापरलेला नसेल, तर अपिलीय पीठाने आपले मत त्याजागी बसवायचे नसते. प्रतिवादीचे उत्तर आणि आपले प्रत्युत्तर अपील चालू असतानाच दाखल करून घ्यावे. स्थगिती नसेल तर ती बाब प्रत्येक तारखेला रोजनाम्यात नोंदवून घ्यावी. दिल्लीत आपण उत्तरवादी असलो, तर पहिल्याच दिवशी विनंती करावी की अपील प्रलंबित असले तरी मूळ याचिकेची सुनावणी चालू राहील असे आदेशात स्पष्ट लिहावे, आणि त्या आदेशाची प्रत मुंबईतील पुढच्या तारखेआधी रेकॉर्डवर आणावी.