साखर वाढली की आधी सिरिंज बघा: घरी इन्सुलिन घेताना या चुका टाळा

साखर 300 आली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय खाल्लंस?" त्यानंतर सगळे एकमताने ठरवतात की डोस कमी पडतोय. डॉक्टरही आकडा बघून चार युनिट वाढवतात. इन्सुलिन भरलं कशात, टोचलं कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

बाटली एका ताकदीची, सिरिंज दुसऱ्या

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून ती सविस्तर.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा यू-40 असतं. म्हणजे 1 मिलीत 40 युनिट, 10 मिलीच्या बाटलीत 400. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या रिफिलमधलं यू-100 असतं, 1 मिलीत 100 युनिट, 3 मिलीच्या रिफिलमध्ये 300. काही इन्सुलिनच्या बाटल्याही यू-100 मध्ये येतात. सिरिंज दोन्हींच्या वेगळ्या. यू-40 ची लाल टोपणाची, यू-100 ची नारिंगी टोपणाची. दोन्हींवर आकडे छापलेले असतात, दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात, आणि मेडिकलमध्ये घाईच्या वेळी "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की हाताला लागेल ती पुडी मिळते.

मग काय होतं ते बघा. गावाकडे लाल सिरिंजने 20 युनिट घेणाऱ्या आजी दोन महिन्यांसाठी मुलाकडे पुण्याला येतात. बाटली सोबत असते, सिरिंज संपतात. मुलगा नारिंगी टोपणाच्या आणतो. आजी नेहमीप्रमाणे 20 च्या रेघेपर्यंत भरतात. पण नारिंगी सिरिंजवर 20 म्हणजे 0.2 मिली, आणि यू-40 बाटलीतल्या 0.2 मिलीत असतात फक्त 8 युनिट. साखर चढते. पुण्यातले डॉक्टर डोस 26 करतात, मग 34. आजींच्या अंगात तरीही साडेतेराच युनिट जातात. आंबे बंद, भात बंद, रोज बोलणी खाणं सुरू. दोन महिन्यांनी आजी गावी परततात, तिथे लाल सिरिंज मिळते, चिठ्ठीवर 34 लिहिलेलं असतं आणि आता खरोखर 34 जातात. पहाटे तीनला घामाने भिजलेल्या, बरळणाऱ्या आजींना जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावं लागतं. या सगळ्यात आजींचं पथ्य एकदाही चुकलेलं नसतं.

उलटी चूक याहून भयंकर. पेन बिघडलं म्हणून रिफिलमध्ये लाल सिरिंज खुपसून 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर ते होतं अर्धा मिली, म्हणजे 50 युनिट. हे कधीही, कुणीही करू नये. पेन बिघडलं तर दुसरं पेन आणा किंवा डॉक्टरांना फोन करा.

सवय एवढीच लावा: भरण्याआधी बाटलीवरचा 40 किंवा 100 हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. दोन्ही जुळले तरच सुई आत घालायची. आणि बराच काळ चुकीची सिरिंज वापरली गेली असं लक्षात आलं, तर योग्य सिरिंज आणून तोच वाढवलेला डोस घेऊ नका. यू-40 बाटली आणि नारिंगी सिरिंज असेल तर रेघेच्या आकड्याला 0.4 ने गुणा. तेवढेच युनिट खरे जात होते. तो हिशेब त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि नवा डोस त्यांच्याकडून घ्या.

एकाच जागी टोचत राहणं

बेंबीच्या उजवीकडे एक जागा सापडते, तिथे दुखत नाही, मग वर्षानुवर्षं सुई तिथेच. दुखत नाही याचं कारण तिथे चरबीची गाठ तयार झालेली असते. गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी उशिरा, कधी कमी, कधी अचानक जास्त जातं. तोच डोस, तेच जेवण, आणि साखर एक दिवस 280 तर दुसऱ्या दिवशी 65, असं दिसलं की पथ्यावर वाद घालण्याआधी पोट तपासा. उजेडात उभं राहा, बोटांना थोडं तेल किंवा साबणाचं पाणी लावा आणि टोचण्याच्या जागेवरून सपाट बोटं फिरवा. चांगली त्वचा चिमटीत सहज येते. गाठ जाडसर, रबरी लागते.

गाठ सापडली की ती जागा काही महिने पूर्ण बंद. पण लगेच चांगल्या जागी पूर्वीचाच डोस टोचू नका. तिथे इन्सुलिन पूर्ण लागू पडतं आणि साखर धाडकन खाली येते. डॉक्टरांना आधी विचारा, डोस बहुधा कमी करावा लागतो. पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा, त्यात एखाद-दोनदा पहाटे तीनला.

जागा बदलण्याची सोपी पद्धत: पोटाचे चार भाग करा, बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडा, एका आठवड्याला एक भाग. त्या भागात रोजची टोच आदल्या टोचेपासून एक बोट दूर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर भाग लिहून ठेवा, कारण आठवणीच्या भरवशावर हात पुन्हा त्याच जागी जातो.

एकच सुई आठवडाभर वापरणं हा गाठींचा दुसरा उगम. टोक वाकतं, वरचं गुळगुळीत आवरण जातं. सुई दर वेळी नवी हवी. पेनला सुई लावून ठेवूही नका: हवा आत जाते, इन्सुलिन गळतं. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताचा विचार करा.

पेन दाबलं आणि लगेच काढलं

पेनच्या टोकाशी थेंब लोंबतो, म्हणजे तेवढं औषध बाहेर राहिलं. 2 युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा, 4 मिमीची सुई सरळ टोचा, बटण पूर्ण दाबा आणि दहा अंक शांतपणे मोजा. सिरिंजची सुई लांब असते, तिला त्वचा चिमटीत उचला. टोचल्यावर चोळू नका.

गढूळ इन्सुलिन, म्हणजे 30/70 सारखं मिक्स (लवकर आणि उशिरा काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण), न हलवता भरलं तर एक दिवस एक मिश्रण जातं, दुसऱ्या दिवशी दुसरंच. तळव्यांमध्ये दहा वेळा घोळवा, दहा वेळा वर-खाली करा. गदागदा हलवू नका. दुधासारखं एकजीव झालं नाही, कण दिसले, तर टाकून द्या. स्वच्छ दिसायला हवं ते इन्सुलिन गढूळ झालं, तर तेही.

फ्रिज, फ्रीझर आणि मे महिना

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत. फ्रीझरमध्ये किंवा बर्फाला टेकून गोठलं की संपलं, वितळवून उपयोग नाही. उघडलेलं साधारण 28 दिवस बाहेर चालतं, पण 30 अंशांच्या खाली; बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. अकोला-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घरातलं तापमान एवढं कमी नसतंच. फ्रिज नसेल तर ओली वाळू भरलेल्या मातीच्या भांड्यात दुसरं छोटं भांडं ठेवून त्यात बाटली ठेवा, सावलीत. विमानात सामानाच्या पोटात नाही, हातातल्या पिशवीत.

टोचून जेवणाची वाट बघणं

जुन्या पद्धतीचं मिक्स इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, नव्या प्रकारचं बहुतेक ताट समोर आल्यावर. आपलं कोणतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आरती व्हायची आहे, पाहुणे यायचे आहेत, अशा वेळी आधी टोचून ठेवण्याची घाई करू नका.

साखर उतरल्यावर पेढा देणं

घाम, थरथर, भूक, चिडचिड, आणि आकडा 70 च्या खाली. पेढा, चॉकलेट, दूध यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात द्या, 15 मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आली की पोळी किंवा भात.

गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकारबोज असेल तर नेहमीची साखर वेळेत कामाला येत नाही, कारण या गोळ्या तिचं विघटनच रोखतात. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा.

आणखी काही, थोडक्यात

आंबा कापलेल्या हाताने तपासणी केली तर रस मोजला जातो. साबणाने धुवा, कोरडं करा. पावसाळ्यात स्ट्रिपची डबी उघडी ठेवली तर आकडे भलतेच येतात. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिच्यातही पिठूळ पदार्थच आहे, "कितीही चालते" असं नाही. उपवासाची साबुदाणा-बटाटा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. एका आकड्यावरून स्वतः डोस हलवू नका. तीन दिवसांचे उपाशीपोटीचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि व्हॉट्सॲपवरचा काढा पिऊन इन्सुलिन सोडण्याचा प्रयोग कुणाच्याही आईवडिलांवर होऊ नये.

आजारपणात इन्सुलिन बंद करणं

"जेवलाच नाही, मग इन्सुलिन कशाला?" तापात, उलट्यांत शरीर खाल्ल्याशिवायही साखर वाढवतं. टाइप 1 मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) असेल तर दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही. बाकीच्यांनी डोस फोनवर विचारून घ्यावा. दर चार तासांनी साखर तपासा, घोट घोट पाणी द्या. गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर जेवण बंद झाल्याचं डॉक्टरांना लगेच सांगा, ती तात्पुरती थांबवावी लागते. या गोळ्यांवर साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, तोंडाला गोडसर वास येत असेल, तर साखरेचा आकडा काहीही असो, रुग्णालयात न्या आणि सोबत इन्सुलिनची बाटली व सिरिंज दोन्ही घेऊन जा.