एंडोमेट्रिओसिससाठी पेल्विक फ्लोअर थेरपी घेताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त नुकसान केगलने होतं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (पेल्विक फ्लोअर) आवळायच्या व्यायामाने. ‘खालचे स्नायू बळकट कर’ असं कुणीतरी सांगतं आणि बाई त्याच दिवसापासून आकुंचनं मोजायला लागते. डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात त्या आजारात, बहुतेक वेळा उलटं असतं. दर पाळीच्या कळांना शरीर खालचे स्नायू आवळून घेतं, आणि पाळी संपली तरी ते सुटत नाहीत. मग ते स्नायूच दुखायला लागतात. म्हणूनच काहींना ऑपरेशननंतरही दुखणं राहतं.

माझ्याकडे एक तिशीतली मुलगी आली. तीन महिने मोबाइलवर बघून केगल करत होती. संबंधाच्या वेळचं दुखणं वाढलेलं, लघवी सुरू व्हायलाही वेळ लागायचा. तपासताना ‘आवळ’ म्हटलं, तर स्नायू जेमतेम हलला. ‘बघा ना ताई, किती कमजोर आहे!’ मी म्हटलं, ‘आता सोड.’ काहीच सुटलं नाही. तिला हाताची मूठ घट्ट आवळायला लावली आणि म्हटलं, ‘आता आणखी आवळ.’ तेव्हा तिच्या लक्षात आलं.

चार आठवडे केगल पूर्ण बंद. पाठीवर झोपायचं, पोटऱ्या खुर्चीवर, एक हात बरगड्यांवर, एक पोटावर. श्वास घेताना बरगड्या बाजूला फुगू द्यायच्या आणि गुदद्वाराजवळचा भाग खाली सैल होतोय का ते बघायचं. सोडताना काहीही करायचं नाही. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात ती मध्येच थांबून म्हणाली, ‘ताई, आत्ता खाली काहीतरी सुटलं.’ तिथून आमचं खरं काम सुरू झालं. हे पाच मिनिटांचं काम कंटाळवाणं वाटतं म्हणून सोडून देणाऱ्या पुष्कळ भेटतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी चूक म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणं. योनीतून तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी असं अजिबात नाही. मी दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायला लावते आणि तीनच्या वर गेलं की हात काढते. सोसलंत तर स्नायू आणखी आवळतो, म्हणजे उपचारच उलटा पडतो. नको वाटलं तर मध्येच ‘थांबा’ म्हणा. न विचारता तपासणाऱ्या थेरपिस्टकडे पुन्हा जाऊ नका. डायलेटरचंही (योनी हळूहळू सैल व्हावी म्हणून आत ठेवायची, वाढत्या मापांची गुळगुळीत नळी) तसंच, पुढच्या मापाची घाई नको.

शौचाला जोर करू नका. पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, श्वास रोखू नका. घराबाहेर पडताना लागलेली नसतानाही ‘जाऊन घेऊ’ ही लघवीची सवय मोडा. दिवसभर पोट आत ओढून बसू नका.

आणि कृपा करून, बरं वाटायला लागलं म्हणून डॉक्टरांची औषधं स्वतःहून बंद करू नका. थेरपी स्नायू सैल करते, एंडोमेट्रिओसिसच्या गाठी विरघळवत नाही. पाळीच्या आसपास दुखणं वाढलं तर ताण देणारे व्यायाम बाजूला ठेवा. फक्त श्वास आणि शेक. ताप आला, लघवी किंवा शौचातून रक्त गेलं, किंवा अचानक नवी असह्य कळ आली, तर आधी डॉक्टरांकडे जा. थेरपीची वेळ नंतरही मिळेल.