जुना ट्रक मोडीत काढताना आधी सीडी, मग नवी गाडी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून ट्रकचा धंदा आहे, आणि हिशेब माझ्याकडे. देवास नाक्यावरचे ओळखीतले मराठी मालक बहुतेक एक-दोन गाड्यांचे. गाडी पंधरा-सोळा वर्षांची झाली की त्यांचा फोन येतो: "वहिनी, भंगारवाला रोख देतोय, देऊन टाकू का?" मी नाहीच म्हणते. लोखंडाचे पैसे तर कुठेही मिळतील. सरकारी सवलत ज्या कागदावर मिळते, तो कागद भंगारवाला देऊ शकत नाही.

तो कागद म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’, बोलण्यात सीडी. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गाडी जमा केली तरच तो निघतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ही व्यवस्था आणली.

केंद्रात जाण्याआधी घरी बसून परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका आणि तीन गोष्टी बघा. थकलेला कर आणि चलानं किती आहेत? आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा दिसतो का? कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण बोजा कोणी उतरवलेला नसतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त अडवते: आरसी कोणाच्या नावावर आहे? कितीतरी घरांत वडील जाऊन वर्षं झाली तरी गाडी त्यांच्याच नावावर चालू असते. मग मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या वारसांची संमती हे सगळं आधी उभं करावं लागतं. नवी गाडी बुक करून झाल्यावर हे सुरू करू नका, डीलर थांबत नाही.

कागद साफ झाले की गाडी मोडीत काढण्याच्या सरकारी व्ही-स्क्रॅप पोर्टलवर अर्ज करा. मूळ आरसी, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक तयार ठेवा. भाव एकाच केंद्राला विचारून थांबू नका. धोरण जाहीर झालं तेव्हा नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असा भंगारमूल्याचा अंदाज दिला होता. बोलणी करताना तो आकडा डोक्यात असू द्या. गाडी सोडताना फास्टॅग बंद करून अनामत परत घ्या, जीपीएस काढून घ्या. सीडीवर इंजिन आणि चेसिस नंबर तिथेच उभं राहून जुळवा. पुढे गाडी खरोखर कापल्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं आणि ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी रद्द होते. ती रद्द झालेली स्वतः बघेपर्यंत फाइल बंद करू नका, कारण तोवर गाडी तुमच्याच नावावर दिसते.

आता मिळतं काय. सीडीवर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. मोटार वाहन करात मालवाहू गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, नोंदणीपासून ८ वर्षांपर्यंत. फार जुन्या गाड्यांसाठी ही सूट ५० टक्क्यांपर्यंत नेण्याचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये काढला होता. प्रत्यक्ष कर राज्य घेतं, म्हणून नायता मुंडल्याच्या आरटीओत जाऊन मध्य प्रदेशचा आज लागू असलेला आदेश मागा. तोंडी टक्केवारीवर विसंबू नका, आदेशाची प्रत घ्या. कंपनीची सूट वेगळी. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रक कंपन्यांनी दोन वर्षांसाठी ती कबूल केली: साडेतीन टनांवरच्या गाडीला एक्स-शोरूम किमतीच्या ३ टक्के. तीस लाखांच्या गाडीवर हे नव्वद हजार होतात. ती मुदत अजून चालू आहे का ते विचारा, डीलर आपणहून सांगेलच असं नाही. कोटेशनमध्ये ती स्वतंत्र ओळीत लिहून घ्या, नाहीतर नेहमीच्या डिस्काउंटमध्ये मिसळून जाते.

पैशांपलीकडचंही सांगते, कारण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. बीएस म्हणजे भारत स्टेज, इंजिनाच्या धुरावरची सरकारी मर्यादा; आकडा जितका मोठा तितकी ती कडक. बीएस-२ इंजिनाला एका किलोवॅट-तासाच्या कामामागे ०.१५ ग्रॅम धुराचे कण सोडायची मुभा होती. बीएस-६ ला ०.०१ ग्रॅम. म्हणजे पंधरा पट फरक. लोडिंगच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीमागे आपलेच ड्रायव्हर आणि हमाल तासन्‌तास असतात. ते कण त्यांच्याच छातीत जातात.

तुमची गाडी इंदूर–पीथमपूरसारख्या ठरलेल्या, जवळच्या फेऱ्या करत असेल तर इलेक्ट्रिक ट्रकचा हिशेब जरूर मांडा. इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. वजनगटाप्रमाणे ९.६ लाखांपर्यंत अनुदान आहे आणि त्यासाठी जुन्या ट्रकची सीडी मागितली आहे. पैसे आपल्या खात्यात येत नाहीत. कंपनी बिलातच तेवढी किंमत कमी करते आणि सरकारकडून वसूल करते. प्रथम येणाऱ्यास प्रथम असं असल्यामुळे निधी शिल्लक आहे का, हे बुकिंगच्या दिवशीच पोर्टलवर बघा. लांब पल्ल्याच्या, रोज वेगळ्या गावाच्या कामाला मात्र मी आज बीएस-६ डिझेलच घ्या म्हणेन. वाटेत चार्जिंग मिळेल या भरवशावर हप्ता भरता येत नाही. आणि कोणतीही गाडी घ्या, ॲडव्हान्सच्या पावतीवर लिहून घ्या की सीडीचा लाभ मिळाला नाही तर रक्कम परत मिळेल.